नवस आणि ख्रिस्ताचा यज्ञ
(इब्री, अध्याय १०)

सातारा जिल्ह्यात मांढरदेव येथे काळूबाईस पौषी यात्रेत नवसाचा बोकड देण्याची चाल फार जुनी. २००५ च्या चेंगराचेंगरीनंतर सरकारने तेथे पशुहत्येस मनाई केली. पण सुरी थांबली म्हणून नवस मनातून जातोच असे नाही. नवस हा करार होय: मूल बरे कर, मग देतो. लेवीय १६ मधील दोन बोकड मागण्यासाठी नव्हते. एक पापार्पण म्हणून वधिला जाई, दुसरा लोकांची पापे वाहून रानात जाई, आणि तेही दरवर्षी. ख्रिस्त एकदाच अर्पिला गेला, आपण काही देऊ करण्यापूर्वीच. मग मूल बरे झाल्यावर मंडळीत पैसे आणणाऱ्या बंधूस उपदेशकाने काय सांगावे? उपकारस्तुती असेल तर घ्यावे. फेड असेल तर आधी त्याच्यासह हा अध्याय वाचावा.