धोकादायक झाड आणि क्रेन : एक अभ्यास



पावसाळा तोंडावर आला की आपल्या पेडणे-डिचोलीच्या गावांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : घरावर झुकलेल्या या झाडाचे काय करायचे? १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले आणि घरांवर, रस्त्यांवर, वीजतारांवर झाडे कोसळली. तेव्हा पावसाळा सुरूही झाला नव्हता. म्हणून हा विचार हिवाळ्यातच व्हायला हवा. त्यासाठी लागणारी माहिती आम्ही या पाठात देत आहोत.

झाड धोकादायक केव्हा समजावे?

झाड मोठे किंवा जुने आहे एवढ्यावरून ते धोकादायक ठरत नाही. वाकडे वाढलेले झाडही पुष्कळदा मजबूत असते. खरी लक्षणे वेगळी आहेत : सरळ झाड अचानक कलणे, कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन उचलली जाणे किंवा तिला भेगा पडणे, बुंध्याशी अळंबी उगवणे, खोड पोकळ वाजणे, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात चीर जाणे, माथ्यावरच्या फांद्या वाळणे. जांभ्या दगडावर माती थोडी असेल तर मुळे खोल जात नाहीत. रस्ता रुंद करताना एका बाजूची मुळे तुटली, तर वरून हिरवेगार दिसणारे झाडही वाऱ्यात उन्मळते. केरीच्या किनाऱ्यावर समुद्र वाळू ओढून नेतो आणि सुरूची झाडे मुळांसकट पडतात. तेथेही कारण तेच, मुळांचा आधार सुटणे.

क्रेन कशासाठी?

माडाला फांद्या नसतात. पाडेली शेंड्याकडून सुरुवात करून त्याचे तुकडे खाली सोडू शकतो. वड, आंबा किंवा पर्जन्यवृक्ष यांचे तसे नाही. त्यांच्या फांद्या चहूकडे पसरतात आणि खाली कौले, तुळशीवृंदावन, वीजतारा असतात. फांदी सोडायला जागाच नसते. पोकळ झाडावर माणूस चढवणे तर जिवाशी खेळ आहे. अशा वेळी क्रेनने फांदी आधी पट्ट्यात धरून ठेवतात आणि मग कापतात. सुटलेला तुकडा खाली न पडता उचलला जातो. कापणारा माणूस क्रेनपासून वेगळ्या, मजबूत जागी सुरक्षापट्टा बांधून उभा असतो. डिचोली तालुक्यात खाणींमुळे अवजड यंत्रे कोणाला नवीन नाहीत, पण लोखंड उचलणे आणि झाड उचलणे यांत फरक आहे. लोखंडाचे वजन आधी माहीत असते, फांदीचे अंदाजाने काढावे लागते.

थोडे गणित

ओले लाकूड साधारण पाण्याइतके जड धरावे, म्हणजे १ घनमीटरला १००० किलो. खोडाचा तुकडा ६० सेंमी व्यासाचा व ३ मीटर लांबीचा असेल तर :

३.१४ × ०.३ × ०.३ × ३ = सुमारे ०.८५ घनमीटर

म्हणजे सुमारे ८५० किलो. व्यास दुप्पट झाला तर वजन चौपट होते. आता तरफेचा नियम आठवा. हाच तुकडा क्रेनपासून ४ मीटरवर असताना जेवढे उलटवणारे बल लावतो, त्याच्या दुप्पट ८ मीटरवर लावतो. म्हणून ‘क्रेन इतक्या टनांची आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नये. कोणत्या अंतरावर किती वजन उचलता येते, याचा तक्ता चालकाकडे असतो. तो पाहूनच तुकडा किती मोठा कापायचा ते ठरते.

काम करताना

१. प्रथम वीज खात्याला कळवून तारांतील प्रवाह बंद करून घ्यावा.
२. क्रेन घट्ट जमिनीवर, पाय पसरून उभी करावी. विहीर, सेप्टिक टाकी किंवा ओले शेत यांच्याजवळ नको.
३. खुणा एकाच माणसाने कराव्यात, पण ‘थांबा’ कोणीही म्हणू शकतो.
४. उचललेल्या लाकडाखाली कोणीही जाऊ नये. मुलांनी तर दोर लावलेल्या हद्दीबाहेरच राहावे.
५. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर काम थांबवावे.

तोडणे की छाटणे?

आमच्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. क्रेन दारात आली की झाड मुळापासून काढून टाकण्याचा मोह होतो. परंतु धोका एका फांदीचा असेल तर ती फांदीच काढावी. एका वेळी माथ्याचा चौथ्या भागाहून अधिक पसारा कमी करू नये. सगळा शेंडा उडवला तर नवे धुमारे फुटतात, पण ते वरवर चिकटलेले असतात आणि पुढे तेच मोडतात. म्हणजे आजची बेताल छाटणी उद्याचा धोका ठरते.

१९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार गोव्यात झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. जीविताला किंवा मालमत्तेला धोका असल्यास उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. झाड पडलेच तर अग्निशामक दलाला १०१ वर कळवावे.

यंत्र झाड वाचवूही शकते. २०२० च्या पावसाळ्यात हरमल येथे सुमारे दोनशे वर्षांचा मानला जाणारा वड उन्मळून पडला. वृक्षप्रेमींनी त्याच्या फांद्या छाटल्या आणि अवजड यंत्रांच्या साहाय्याने तो पुन्हा लावला. वडाची जात चिवट असल्याने असे करता येते. प्रत्येक झाडाचे ते होणार नाही, परंतु कुऱ्हाड उचलण्यापूर्वी विचार करायला हे उदाहरण पुरेसे आहे.

स्वाध्याय

१. शाळेच्या आवारातील एका झाडाच्या खोडाचा घेर मोजा. घेराला ३.१४ ने भागून व्यास काढा आणि खोडाच्या २ मीटर भागाचे वजन किती ते सांगा.
२. घरातील मोठ्यांसोबत आपल्या वाड्यावरील पाच मोठी झाडे दुरूनच पाहा. वर दिलेल्या लक्षणांपैकी कोणती दिसतात ते वहीत लिहा आणि काही आढळल्यास पंचायतीला कळवण्यास सांगा.