समतेची जाहिरात कशी लिहावी?

समतेचा विचार थोर असला, तरी तो घराघरांत पोहोचवण्यासाठी अभ्यास लागतो. समलिंगी बांधवांविषयी फलक लिहू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढील उदाहरण पाहावे.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ वैध ठरवले आणि समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरले. अशा वातावरणात, एप्रिल २०१४ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाने मुंबईत ‘द वेलकम’ ही चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्यात भाषण नाही. मुलगा आपला जोडीदार घरी आणतो आणि तो पुरुष असतो, एवढेच कथानक. गाणेही ‘बातों बातों में’ (१९७९) या चित्रपटातले, सर्वांच्या ओळखीचे.

यातून काय शिकावे?

पहिले, जाहिरात कोणाशी बोलते ते ठरवावे. येथे ती कुटुंबाशी बोलते.

दुसरे, एकच कृती मागावी.

तिसरे, खरे तेच लिहावे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले गेले. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता दिली नाही. ‘सर्व हक्क मिळाले’ असे लिहिल्यास वाचकाचा विश्वास उडेल.

चौथे, ‘बिचारे’ हा शब्द टाळावा. संविधानाच्या कलम १४ मधील समता हा हक्क आहे, दया नव्हे.

या चार कसोट्यांवर उतरणारा मजकूर असा होईल : “तुमचा मुलगा किंवा मुलगी समलिंगी असेल, तरी ते तुमचेच लेकरू आहे. त्याला घराबाहेर काढू नका.”

एवढ्या दोन ओळींनी एक जरी दार उघडे राहिले, तरी फलकाचा खर्च वसूल झाला.