घासलेट, डिझेल आणि आपली गाडी

पावसाळा सरून दिवाळी जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. ऊसतोड कामगारांना साखर कारखान्यांकडे नेणारे ट्रक व ट्रॅक्टर एकीकडे, आणि आठवडी बाजार करणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांचे टेम्पो, रिक्षा व मोटारसायकली दुसरीकडे. चार महिन्यांचा काळ्या मातीचा चिखल चेसिसला, पाट्यांना व साखळीला घट्ट बसलेला असतो. पाण्याने तो निघतो, पण त्याखालचे ग्रीस व डांबर निघत नाही. मग कोणी घासलेटाचा डबा पुढे करतो, कोणी डिझेलचा फवारा मारून घ्या म्हणतो, तर कोणी इंजिनातून काढलेले जळके ऑइल खालून फासून घेतो. पैसे थोडे आणि चकाकी तात्काळ. आम्ही कापडाचे व्यापारी. यंत्र हा आमचा विषय नव्हे. परंतु ज्या टेम्पोत आमचे तागे भरले जातात त्याच्या ब्रेकवर व त्याच्या वासावर आमची तिजारत अवलंबून आहे. म्हणून मिस्त्री लोकांना विचारून व वाचून जी माहिती मिळाली ती व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

घरातल्या दिव्याचे तेल गाडीला लावण्याची रीत आपल्याकडे मोटारीपेक्षा जुनी आहे. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण देत, आणि तेच एरंडेल दिव्यातही जळत असे. एरंडेल दाट व चिकट असते, लोखंडाला धरून राहते. मोटारीच्या युगातही त्याची कदर झाली. कॅस्ट्रॉल या प्रसिद्ध ऑइलचे नाव १९०९ साली पडले ते 'कॅस्टर' म्हणजे एरंडेलावरूनच. पुढे घराघरांत खनिज तेल आले. उर्दूत ते मिट्टी का तेल, कागदोपत्री रॉकेल आणि बाजारात सर्वांच्या तोंडी घासलेट. तेल बदलले, पण सवय तीच राहिली. दिव्यातून उरले ते गाडीला. घोटाळा येथेच झाला, कारण एरंडेल हे वंगण होते आणि घासलेट हे वंगण नाही.

घासलेट पातळ असते. ते ग्रीसमध्ये शिरते, त्याला विरघळवते आणि मळासह खाली आणते. डांबराचेही तसेच. हा त्याचा खरा गुण, आणि या गुणात स्वस्तात त्याची बरोबरी करणारे दुसरे काही सहज सापडत नाही. पण मळ काढताना ते पूर्वीचे वंगणही काढून नेते, आणि स्वतः मात्र थोड्या दिवसांत उडून जाते. मागे उरते ते उघडे लोखंड. त्यावर रात्रीचे दव किंवा एखादी अवकाळी सर पडली की तांबूस थर दिसू लागतो. "घासलेट लावले तरी गंज चढला" अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. खरे पाहता घासलेट लावून तसेच सोडले म्हणून गंज चढला, असे म्हणायला हवे.

मोटारसायकलची साखळी हे याचे उत्तम उदाहरण. आमच्या बाजारातले एक जुने मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगतात, "भाई, घासलेटने साखळीची आंघोळ होते, जेवण नाही होत. जेवण नंतर द्यावे लागते." रीत अशी. इंजिन बंद करून गाडी मेन स्टँडवर घ्यावी आणि थंड होऊ द्यावी. जुना दात घासायचा ब्रश घासलेटात बुडवून साखळीच्या आतल्या बाजूने फिरवावा, चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवीत साखळी पुसणारे महाभाग आहेत. साखळी व चक्रीच्या मध्ये सापडलेले बोट परत मिळत नाही. मळ निघाल्यावर सुती फडक्याने कोरडे पुसावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मग नव्वद नंबरचे गिअर ऑइल थेंब थेंब द्यावे. जास्तीचे पुसून घ्यावे, नाहीतर त्यावर धूळ बसते आणि तेलात कालवलेली धूळ कानशीसारखी दात खाते. परळीकडच्या रस्त्यांवर औष्णिक केंद्राच्या राखेची वाहतूक होते. ती राख तेलकट साखळीवर बसली तर झीज आणखी लवकर होते. तिकडे जाणाऱ्यांनी साखळी वारंवार पाहावी. काही नव्या गाड्यांच्या साखळीत रबराच्या बारीक कड्या असतात. त्यांना घासलेट थोडा वेळ चालते, पेट्रोल मुळीच नको. पेट्रोलने कड्या खराब होतात आणि आत भरलेले ग्रीस निघून जाते.

आता चेसिसचा फवारा. वॉशिंगनंतर खालून डिझेल मारले की गाडी काळीभोर दिसते आणि गिऱ्हाईक खूश होते. आमच्या मते हा खर्च बहुतेक वाया जातो. डिझेल घासलेटापेक्षा थोडे जास्त टिकते एवढेच. पण त्या ओलसर थरावर धुळीचा लेप चढतो. पुढच्या पावसात तो लेप पाणी धरून ठेवतो, आणि ज्या गंजापासून वाचायचे तोच गंज लेपाखाली वाढतो. शिवाय चेसिसखाली नुसते लोखंड नसते. पाट्यांचे बुश, इंजिनचे माउंटिंग, सायलेन्सरचे लटकते रबर आणि काही पाइप हे सगळे रबराचे. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते व फाटते. बुश गेले की गाडी खडखडते, टायर एका बाजूने झिजतात, आणि फवाऱ्यात वाचवलेले पैसे गॅरेजमध्ये कितीतरी पटींनी द्यावे लागतात.

सर्वांत मोठा धोका ब्रेकचा. फवारा मारणारा पोरगा चाकाच्या आतल्या बाजूलाही नळी फिरवतो. तेलाचा अंश ड्रममध्ये लायनरवर गेला किंवा डिस्कवर बसला की ब्रेक धरत नाही. लायनर तेल शोषून घेते, मग वरवर पुसूनही उपयोग होत नाही. भरलेला टेम्पो मांजरसुंब्याच्या घाटात उतरत असताना हे कळले तर काय होईल, ते सांगण्याची गरज नाही. आमच्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याला हे सपाट रस्त्यावर कळले, तेही समोर बैलगाडी असताना. गाडी बाभळीत घालून तो वाचला. म्हणून खालून काही मारायचेच असेल तर चाकांजवळ फवारा नको, हाताने ब्रश फिरवावा, आणि नंतर मोकळ्या जागेत हळू चालवून दोन-चार वेळा ब्रेक तपासावा.

जळक्या ऑइलविषयी दोन शब्द. ते दाट असल्याने डिझेलपेक्षा जास्त टिकते, हे खरे. पण इंजिनात जळून त्यात जे विषारी घटक तयार होतात ते त्वचेच्या कर्करोगाला कारण होऊ शकतात. रोज कोपरापर्यंत हात त्यात बुडवणाऱ्या आपल्या कारागीर मुलांना हे कोणी सांगत नाही. ते ऑइल पावसात धुऊन जाते ते विहिरीच्या दिशेने. त्याऐवजी पाट्यांना व सांध्यांना ग्रीस आणि उघड्या पत्र्याला गंजरोधक प्रायमर व काळा रंग द्यावा; रबरी थराचे अंडरकोटिंग मिळते तेही चांगले. एकदाच खर्च होतो, पण काम काही वर्षे टिकते. हात स्वच्छ करायलाही पेट्रोल किंवा घासलेट नको, त्याने कातडीतला स्निग्धांश जाऊन भेगा पडतात. थोडे खायचे तेल चोळावे, वर लाकडाचा भुसा व साबण लावावा, काळिमा निघतो.

रंगाच्या बाबतीत घासलेटाचा एकच उपयोग आम्हाला मान्य आहे: नव्या डांबरी रस्त्यावरून आल्यावर मडगार्डला बसलेले काळे ठिपके. गाडी सावलीत थंड होऊ द्यावी. फडक्याला थोडे घासलेट लावून ते ठिपक्यावर दोन मिनिटे धरावे, न रगडता पुसावे आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवावे. नुकताच गॅरेजमध्ये रंग दिलेला असेल तर हे करू नये. बादलीभर पाण्यात कपभर घासलेट टाकून अख्खी गाडी पुसण्याची जी पद्धत आहे, तिने तासभर चकाकी येते आणि दिवसभर धूळ चिकटते.

इंजिनाच्या आत मात्र ही तेले घालूच नयेत. ऑइल बदलताना डिझेल भरून इंजिन फिरवणारे अजून आहेत. तळाशी राहिलेले डिझेल नवे ऑइल पातळ करते, आणि सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत अडकतो. टाकीत घासलेट टाकून 'कार्बन साफ' करण्याचा प्रकार त्याहून वाईट. आजच्या इंजेक्टरच्या गाड्यांत तर मोठ्या खर्चाला निमंत्रण. जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल भरलेला एअर क्लीनर डिझेलने धुणे योग्य आहे, पण कागदी फिल्टर कशानेही धुऊ नये.

आता आगीची गोष्ट. पुष्कळांचा समज असा की पेट्रोल धोक्याचे आणि घासलेट निर्धोक. प्रत्येक तेलाचे एक तापमान असते. त्यावर गेले की त्याची वाफ ठिणगीने पेटण्याजोगी होते. पेट्रोलचे हे तापमान शून्याखाली सुमारे ४० अंश, म्हणजे पेट्रोल आपल्याकडे बारा महिने पेटायला तयार. घासलेट व डिझेलसाठी भारतीय मानकात किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि उन्हातला पत्रा त्याहून तापतो. थंड हवेच्या मुलखात जे तेल निर्धोक, ते बीडच्या दुपारी तसे राहत नाही. फवाऱ्याने उडवलेले बारीक तुषार तर कमी तापमानालाही पेट घेतात. म्हणून हे काम सकाळी, उघड्यावर, बॅटरीची तार काढून व सायलेन्सर थंड झाल्यावर करावे. जवळ विडी, वेल्डिंग किंवा स्टोव्ह नसावा. घासलेटात थोडेसे पेट्रोल मिसळले तरी त्याचा धोका पेट्रोलसारखा होतो; सुट्या बाटलीतल्या मालाची खात्री नसेल तर घेऊ नये. पेट्रोलने सुटे भाग धुण्याची सवयही सोडावी. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. धुतलेल्या भागावर गंज धरायला तेवढे पुरते.

फडक्याबद्दल आम्ही थोडे अधिकाराने बोलू शकतो. पुसायला सुती किंवा होजिअरीची चिंधी घ्यावी. टेरिकॉट व पॉलिस्टरची चिंधी तेल नीट शोषत नाही, नुसते पसरवते; कोरड्या हवेत घासल्याने तिच्यात वीज साठते, आणि पेट्रोलच्या वाफेला तेवढी ठिणगी पुरे होते. तेलकट चिंध्या दुकानात किंवा टेम्पोच्या हौद्यात ठेवू नयेत, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. लाकडी फळ्यांना जवसाचे तेल लावत असाल तर त्या चिंध्यांचा बोळा कधीच करू नये, तो आपोआप तापून पेटू शकतो. पाण्यात भिजवून उघड्यावर वाळवावा. आणि हौद्यात घासलेट सांडले असेल तर त्या दिवशी कापड भरूच नये. सुती कापडाचा वास धुऊन बराच जातो, पॉलिस्टर मात्र तेलकट वास धरून ठेवते. अशी साडी गिऱ्हाईक हातात घेते, नाकाशी नेते आणि न बोलता खाली ठेवते.

घरातली एहतियात याहून महत्त्वाची. गाडी पुसून उरलेले घासलेट पाण्याच्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवले जाते आणि तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. घासलेट पोटापेक्षा फुप्फुसाला अधिक घातक. अशा वेळी उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते श्वासनलिकेत उतरते. दूध किंवा मिठाचे पाणीही पाजू नये. तेल लागलेले कपडे काढून, अंग धुऊन मुलाला तडक दवाखान्यात न्यावे, खोकला नसला तरी न्यावे. घासलेट ठेवायचेच तर पत्र्याच्या डब्यात, कुलपात, आणि डब्यावर नाव लिहून.

रेशनच्या निळ्या घासलेटाचे दिवस आठवणाऱ्यांसाठी एक खुलासा. १९९३ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने ते स्वयंपाक व दिवाबत्तीखेरीज अन्य कामाला वापरण्यास बंदी होती, आणि ओळखू यावे म्हणूनच त्यात निळा रंग घालत. ते गरिबाच्या कार्डावरचे हक्काचे तेल होते, तरी गॅरेजांत सर्रास दिसे. स्वस्त तेलाच्या भेसळीत किती पैसा होता हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे भेसळीचा प्रकार पाहण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस घरोघरी पोचला, २०२० पासून घासलेटावरचे केंद्राचे अनुदानही संपले. आता ते स्वस्तही राहिले नाही. पूर्वी फुकटात पडे म्हणून वापरणाऱ्यांनी हिशेब नव्याने मांडावा. साखळीसाठी अर्धा कप पुरतो, आणि तोच साखळीखाली थाळी ठेवून, गाळून, पुन्हा एकदा वापरता येतो. बाकी गाडीसाठी साबणाचे पाणी, ग्रीसची डबी आणि नव्वद नंबरचे ऑइल आणून ठेवावे.