हुतात्मा चौकातील कमानी

मुंबईच्या जुन्या कोटाचा चर्चगेट दरवाजा आजच्या हुतात्मा चौकाच्या परिसरात होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत तटबंदी पाडण्यात आली आणि १८६४ मध्ये तेथे फ्लोरा फाउंटन उभे राहिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे. खर्चाचा मोठा वाटा उचलला तो खरशेटजी फर्दुनजी पारेख या पारशी दात्याने. हे कारंजे मुळात राणीच्या बागेसाठी योजिले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

कारंज्याचे सौंदर्य सर्वांच्या नजरेत भरते. प्रस्तुत लेखकास मात्र चौकातून उत्तरेकडे निघणारा दादाभाई नौरोजी मार्ग, म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड, अधिक बोधप्रद वाटतो. येथील इमारती एका मालकाच्या नाहीत, एका शैलीच्याही नाहीत. कोठे गॉथिक टोकदार कमान, कोठे अभिजात पद्धतीचे स्तंभ, कोठे भारतीय घाटाचे घुमट. तरीही रस्ता एकसंध दिसतो. याचे कारण १८९६ चा सरकारी नियम होय. रस्त्यालगतच्या प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग सज्जा ठेवणे त्याने बंधनकारक केले. वर मालकाने आपल्या हौसेप्रमाणे बांधावे. खालची सावली मात्र वाटसरूची! उन्हाळ्यात व पावसाळ्यात या वाटेचे मोल चालणाऱ्यालाच कळते.

असा नियम कागदावरून पुसला न जाताही नाहीसा होऊ शकतो. कमानींवर दुकानांच्या पाट्या चढतात, वातानुकूलन यंत्रांच्या पेट्या लटकतात, खांबांमधील जागा मालाने भरते. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा विनियम लागू झाले, तेव्हा अशा वास्तूंना कायद्याचा आधार मिळाला. परंतु आधार मिळाला तरी रोजची देखरेख स्थानिक संस्थेलाच करावी लागते. ज्या गावांच्या बाजारपेठेत जुने ओटे व पडव्या शिल्लक आहेत, तेथील पंचायतींनी निदान त्यांची मोजमापे व छायाचित्रे दप्तरी ठेवावीत. त्यास फारसा खर्च येत नाही.

याच चौकात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निदर्शने करणाऱ्यांवर गोळीबार झाला. मशालधारी शेतकरी-कामगारांचे स्मारक त्या चळवळीतील हुतात्म्यांचे आहे. शेजारच्या कारंज्यावर वर्षानुवर्षे चढलेले रंगाचे थर जीर्णोद्धारात काढण्यात आले व २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा खुले झाले. त्या कामासाठी खोदताना रस्त्याखाली १९६४ मध्ये बंद पडलेल्या ट्रामचे रूळ सापडले.