उपचाराच्या टेबलावरून दिसलेला फुटबॉल

माझी फिजिओथेरपीची पदवी पुण्याची, पण हात बसला तो साताऱ्यातल्या कबड्डीपटूंच्या गुडघ्यांवर. पुढे इंडियानापोलिसला आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि समोर येणारी शरीरंच बदलली. दीडशे किलोंचा माणूस आणि त्याचा निखळलेला खांदा, हे इथे रोजचं झालं. कुणी अजून कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळतोय, तर कुणी एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दोन-तीन हंगाम काढून आता नोकरी करतोय. रविवारी टीव्हीवर दिसतो तो या माणसांच्या आयुष्याचा फार थोडा भाग. बाकीचं आयुष्य ते टेबलावर पडल्यापडल्या सांगतात. त्यातून मला जे उमगलं ते इथे मांडते. मुलं खेळाकडे पेशा म्हणून बघू लागली आहेत, अशा घरांसाठी हे लिहिते आहे.

१. टॉम ब्रेडीकडे बघून हिशेब करू नये

ब्रेडी २००० सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, १९९ व्या क्रमांकाला निवडला गेला, २३ हंगाम खेळला आणि सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. ही कथा प्रत्येक मुलाला पाठ असते. पण खेळाडूंच्या संघटनेने सांगितलेली सरासरी कारकीर्द जेमतेम सव्वातीन वर्षांची आहे. उन्हाळी शिबिरात एका संघाकडे ९० जण असतात आणि ऑगस्टअखेर यादीत ५३ उरतात. संघ ३२ आहेत, म्हणजे काही दिवसांत हजारावर तरुणांचं नाव कापलं जातं. काहींना सराव पथकात जागा मिळते, बाकीचे सामान गाडीत भरतात. ‘कोचने बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये,’ या निरोपाची धास्ती माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी बोलून दाखवली आहे. निवृत्तिवेतन पदरात पडायला तीन हंगाम मोजले जावे लागतात. त्यामुळे तिसऱ्या हंगामात किती जण दुखणं लपवून खेळतात, हे त्यांच्या सांध्यांवरून कळतं.

२. खरी परीक्षा गुडघ्याची असते

दर वर्षी फेब्रुवारी सरता सरता आमच्या शहरात तीनशेहून जास्त कॉलेज खेळाडू ‘कम्बाइन’साठी, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांसाठी, जमतात. १९८७ पासून ते इथेच भरतं. टीव्हीवर गाजते ती ४० यार्डांची, म्हणजे साडेछत्तीस मीटरची धाव. २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ती ४.२१ सेकंदांत संपवून विक्रम केला. शिवाय १०२ किलोंचं वजन उताणं झोपून किती वेळा उचलता येतं, तेही मोजतात. पण १९८२ मध्ये टॅम्पाला असं पहिलं शिबिर भरलं, ते मुख्यतः वैद्यकीय तपासणी एकाच ठिकाणी व्हावी म्हणून. आणि मोठी रुग्णालयं मैदानाच्या जवळ आहेत, हे ते इथे टिकून राहण्याचं एक मोठं कारण आहे.

त्या तपासण्यांतून गेलेला एक मुलगा मला म्हणाला होता, ‘एका दिवसात इतक्या डॉक्टरांनी माझा तोच गुडघा वाकवून पाहिला की संध्याकाळपर्यंत तो सुजला.’ सतराव्या वर्षी अंगावर काढलेली दुखापत बाविसाव्या वर्षी एमआरआयमध्ये स्पष्ट दिसते, आणि तेवढ्यावर ड्राफ्टमधला क्रमांक घसरतो.

लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेला खेळाडू आला की मी गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर टेप गुंडाळून दोन्ही मांड्यांचा घेर मोजते. शस्त्रक्रिया झालेली मांडी बारीक झालेली असते. चालताना कळत नाही, पळतानाही फारसं कळत नाही. कळतं ते एका पायावर हळूहळू खाली बसायला सांगितल्यावर. गुडघा थरथरत आत वळतो. तो सरळ राहू लागेपर्यंत मैदान नाही, हे मी साताऱ्यातही सांगत होते. तिथे पोरं ऐकायची नाहीत, आणि इथेही सहजासहजी ऐकत नाहीत. घाई हा या वयाचा स्वभावच आहे, म्हणून घरच्यांनी ठाम राहायला हवं.

३. नस घाई जाणत नाही

पेटन मॅनिंग हा या शहराचा लाडका क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा खेळाडू. १९९८ ते २०१० या काळात त्याने इथल्या कोल्ट्स संघाचा साखळीतला एकही सामना चुकवला नाही. मग मानेतली नस दाबली गेली आणि फेकणाऱ्या हाताच्या ट्रायसेप्समधलं बळ गेलं. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, २०११ मध्ये मानेचे मणके जोडण्याचीही झाली. तो अख्खा हंगाम बाहेर होता आणि संघ सोळापैकी चौदा सामने हरला. मार्च २०१२ मध्ये, २ कोटी ८० लाख डॉलरांचा बोनस देण्याची वेळ आली तेव्हा, कोल्ट्सने त्याला मोकळं केलं.

इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मानेपासून दंडाच्या मागच्या स्नायूपर्यंतचं अंतर मनात धरा, म्हणजे महिने का लागतात ते लक्षात येईल. या काळात व्यायाम नेटाने करूनही काही दिवस काहीच बदल दिसत नाही. माणूस खचतो तो इथेच. मॅनिंग आपले जुने प्रशिक्षक डेव्हिड कटक्लिफ यांच्याकडे ड्यूक विद्यापीठात गेला आणि चेंडू फेकणं पुन्हा पायापासून शिकला. पूर्वीइतकं बळ परत आलं नाही, तेव्हा पावलं आणि वेळ यांवर भर दिला. २०१३ मध्ये डेन्व्हरकडून त्याने एका हंगामात ५५ टचडाउन पास फेकले, तोवर कुणीच इतके फेकले नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बोल जिंकून तो निवृत्त झाला. उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना संवेदना नाही, असं त्याने स्वतःच सांगितलं होतं. हाताला मुंग्या येतात म्हणून माझ्याकडे येणाऱ्या, दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या मराठी मंडळींनाही मी हीच हकिकत सांगते, आणि ते व्यायाम सोडत नाहीत.

४. मैदानावरची जागा आयुष्य ठरवते

कोल्ट्सचाच किकर अ‍ॅडम व्हिनाटिएरी ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. १९९६ मध्ये त्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं, आणि थांबला तेव्हा एनएफएलमध्ये सर्वाधिक गुण त्याच्या नावावर होते. चेंडू घेऊन गर्दीत घुसणारा रनिंग बॅक मात्र तिशीच्या आतच म्हातारा ठरतो. मुलगा कोणत्या जागेवर खेळतो, हे पालकांनी पहिल्यांदा विचारावं.

५. कराराचा आकडा आणि हातात येणारा पैसा

वर्तमानपत्रात छापून येतो तो एकूण आकडा. हमी असते ती बहुतेक वेळा त्यातल्या एका भागाची. उरलेली वर्षं संघाला हवी असतील तर पुढे चालतात. बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये पुरी हमी सर्रास मिळते, फुटबॉलमध्ये ती फार थोड्यांच्या नशिबी असते. म्हणून साइनिंग बोनसवर घर घ्यावं, आकड्यावर घेऊ नये, असं माझ्याकडे येणारे जुने खेळाडू नव्यांना कळकळीने सांगतात.

६. थांबण्याचा हक्क खेळाडूचा

२४ ऑगस्ट २०१९ ची रात्र या शहरात कुणी विसरलेलं नाही. लुकास ऑइल स्टेडियमवर सरावाचा सामना चालू होता आणि अँड्र्यू लक निवृत्त होणार, ही बातमी फुटली. मॅनिंगच्या जागी २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकाने आणलेला हा क्वार्टरबॅक अवघा २९ वर्षांचा होता. तो मैदानाबाहेर निघाला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली.

मला त्या रात्री फार राग आला, आणि आजही येतो. त्या माणसाच्या मूत्रपिंडाला चीर गेली होती, पोटाचा स्नायू फाटला होता, फेकणाऱ्या खांद्याच्या खोबणीची कडा फाटली होती. २०१७ चा पूर्ण हंगाम खांद्यापायी गेला. पुढच्या वर्षी तो परतला, ३९ टचडाउन पास फेकले, पुनरागमनाचा पुरस्कार मिळवला. मग पोटरी आणि घोटा. दुखापत, वेदना, उपचार आणि पुन्हा दुखापत या फेऱ्याने खेळातला आनंद गेला, असं त्याने त्या रात्री सगळ्यांसमोर सांगितलं.

हा फेरा म्हणजे काय, हे आम्ही उपचार करणारे जवळून बघतो. पहाटे बर्फ, मग ताणण्याचे व्यायाम, मग रबरी पट्टे, दुपारी पुन्हा बर्फ, आणि रोज कुणीतरी विचारणार, ‘किती टक्के झालास?’ सामन्याच्या तिकिटाचे पैसे दिले म्हणजे खेळाडूचा खांदा विकत घेतला असं होत नाही. लक नंतर स्टॅनफर्डला परत शिकायला गेला आणि २०२४ च्या अखेरीपासून तिथल्या फुटबॉल संघाचा कारभार बघतो आहे. म्हणजे खेळावरचं त्याचं प्रेम आटलेलं नव्हतं.

७. डोक्याच्या बाबतीत तडजोड नाही

पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेब्स्टर चार सुपर बोल जिंकला आणि २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सीटीई या मेंदूच्या आजाराचं नाव घराघरांत पोचलं ते त्यानंतर. या आजाराचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. धोका फक्त शुद्ध हरपवणाऱ्या धडकेचा नसतो. सरावात रोज बसणाऱ्या लहान लहान धक्क्यांची वर्षानुवर्षं बेरीज होत राहते.

मराठी मंडळाच्या गणपतीत एक आई मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ताई, याला खेळू देऊ का हो? ऐकतच नाही.’ मी तिला सांगितलं, ‘अगं, आठवीपर्यंत फ्लॅग फुटबॉल खेळू दे.’ त्यात कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबतो, कुणी अंगावर येत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हाच प्रकार आहे, हे ऐकून मुलगाही खूश झाला. पुढे हायस्कूलला गेला तर शाळेच्या ट्रेनरची ओळख करून घे, म्हटलं. डोक्याला मार लागल्याची शंका आली की त्या दिवशी खेळ बंद, आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत मैदान नाही, असे कायदे इथे सगळ्या राज्यांत आहेत. ते मुलानेही पाळले पाहिजेत. ‘बरं वाटतंय’ हे त्याचं उत्तर धरून चालू नये.

८. खेळ सुटल्यावर शरीर नव्याने वापरायला शिकावं लागतं

एक जुना लाइनमन माझ्याकडे खांद्यासाठी येतो. उजव्या हाताची चार बोटं चार दिशांना वळलेली, सदऱ्याची बटणं तो डाव्या हाताने लावतो. खेळत असताना वजन टिकवायला तो रात्री गजर लावून उठायचा आणि दूध-केळ्यांचं मोठं भांडं रिकामं करून झोपायचा. थांबल्यावर पहिल्यांदा भूक लागेपर्यंत वाट पाहायची, हा त्याचा व्यायाम झाला. वजन उतरलं तसे गुडघे बोलायचे कमी झाले.

संघात असताना डॉक्टरची वेळ, औषधं, मालिश सगळं कुणीतरी ठरवतं. बाहेर पडल्यावर तिशीतल्या माणसाला हे स्वतः करावं लागतं, आणि बहुतेक जण करत नाहीत. ज्यांचे तीन हंगाम मोजले गेले त्यांना लीगचा आरोग्यविमा आणखी पाच वर्षं मिळतो. सांधे खरे कुरकुरतात ते चाळिशीत, विमा संपल्यावर. म्हणून निवृत्त खेळाडू पहिल्यांदा आला की मी आधी विमा कधी संपतो ते विचारते. त्या तारखेच्या आत खांदा, मान, दोन्ही गुडघे आणि झोप यांची तपासणी उरकायची, लागणाऱ्या शस्त्रक्रिया करून घ्यायच्या, असं वेळापत्रक आम्ही पहिल्याच भेटीत कागदावर लिहितो. बायको बरोबर आली असेल तर तो कागद मी तिच्याकडेही देते.