समव्यवसायींचे वार्तापत्र : किर्लोस्करवाडीचा अनुभव

पुणे-मिरज लोहमार्गावर, आजच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. त्याचे मूळ नाव कुंडल रोड. बेळगावातील जागा सोडावी लागल्यानंतर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी येथील माळरान दिले आणि १९१० मध्ये तेथे कारखान्याची वसाहत उभी राहू लागली. या वसाहतीत तयार झालेले लोखंडी नांगर, चरक आणि पंप महाराष्ट्रास परिचित आहेत. मात्र येथूनच जानेवारी १९२० मध्ये निघालेल्या एका नियतकालिकाचा मूळ हेतू काय होता, याचे स्मरण आज फारसे केले जात नाही. त्याचे नाव 'किर्लोस्कर खबर'. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे त्याचे संपादक होते. कारखाना, त्याचा माल विकणारे व्यापारी, तो वापरणारे ग्राहक आणि तो घडविणारे कामगार यांच्यात संपर्क राहावा, हा ते काढण्यामागील उद्देश होता.

अशा पत्राची गरज का भासावी, हे नांगराच्या उदाहरणावरून ध्यानात येते. लोखंडी नांगराने जमीन बिघडते, असा समज आरंभी शेतकऱ्यांत होता आणि पहिले नांगर खपण्यास मोठा काळ लागला. नुसत्या जाहिरातीने असा समज जात नाही. शेजारच्या गावी कोणी नांगर चालविला व त्याला पीक कसे आले, ही वार्ता तो घालवू शकते. शिवाय नांगर विकला म्हणजे व्यवहार संपला असे होत नाही. फाळ झिजतो, सुटा भाग वेळेवर मिळावा लागतो, जमीन बदलली की खोली बदलावी लागते. दूरदूरच्या गावी बसलेल्या विक्रेत्याला हे सारे कोणी तरी सांगावयास हवे आणि त्याच्याकडे आलेली तक्रार कारखान्यापर्यंत पोहोचावयास हवी. समव्यवसायींच्या वार्तापत्राचे काम ते हेच.

पुढे 'खबर' हा शब्द गळाला. 'किर्लोस्कर' मासिकाच्या जोडीस १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके आली व मराठी मध्यमवर्गाच्या वाचनात त्यांनी मोठे स्थान मिळविले. समाजसुधारणेच्या दृष्टीने हा लाभच झाला. तथापि सर्वांसाठी झालेले मासिक हे केवळ एका व्यवसायाचे पत्र राहत नाही, ही गोष्ट त्याच वेळी लक्षात घ्यावयास हवी. आपले पत्र कोणासाठी आहे, हा प्रश्न संपादकास दर अंकाच्या वेळी नव्याने सोडवावा लागतो.

शिक्षकांच्या क्षेत्रातील उदाहरण याहूनही जुने आहे. १८६१ मध्ये मुंबई इलाख्यातील मराठी शिक्षकांसाठी 'मराठी शालापत्रक' सुरू झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर व नंतर त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांचा त्याच्याशी निकट संबंध होता. विष्णुशास्त्र्यांच्या हाती आल्यावर त्यातील लेखन अधिक परखड झाले, ते वरिष्ठांना रुचेना, आणि १८७५ मध्ये ते पत्र बंद पडले. येथे एक खरी अडचण समोर येते. खात्याच्या आश्रयाने निघणाऱ्या पत्रास कागद व टपाल यांची चिंता नसते, परंतु अप्रिय गोष्ट छापण्याचे धैर्य त्याच्या ठायी किती राहील, ही शंका सभासदांच्या मनात कायम असते. ही शंका एकदा पक्की झाली की सभासद अंक वाचतो, पण लिहीत नाही. आणि ज्यास कोणी उत्तर लिहीत नाही ते वार्तापत्र नव्हे, परिपत्रकच होय. परिपत्रकाचे स्वतःचे महत्त्व आहेच. मात्र त्याने आज्ञा पोहोचते, अनुभव पोहोचत नाही.

वेळेचे महत्त्व द्राक्ष बागायतदारांइतके क्वचितच कोणास कळत असेल. पलूस व तासगाव या भागांत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस व ढगाळ हवा आली की केवडा रोगाचा धोका वाढतो आणि काही दिवसांच्या विलंबाने घड हातचे जातात. अशा वेळी फवारणीचा सल्ला महिनाअखेरीस छापून आला तर तो केवळ इतिहास ठरतो. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या 'द्राक्षवृत्त' या मासिकासारख्या प्रकाशनात म्हणूनच येऊ घातलेल्या कामाचा विचार अगोदर व्हावा लागतो. तातडीचा इशारा देण्यास भ्रमणध्वनीवरील संदेश अधिक उपयोगी पडतो. दोन्ही साधनांची कामे वेगळी आहेत. संदेश धावत येतो व शेकडो इतर संदेशांखाली गाडला जातो. पुढील वर्षी त्याच छाटणीच्या वेळी उघडून पाहता येतो तो अंक.

एखाद्या केंद्रातील प्राथमिक शिक्षकांनी असे पत्र काढावयाचे ठरविल्यास आरंभ अगदी लहान असावा. महिन्यास दोन पाने पुरेशी आहेत. पहिल्या पानावर मान्यवरांचे संदेश व सत्काराची छायाचित्रे देण्याचा मोह आवरला पाहिजे; त्या जागी दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी एका शिक्षकाने कशी शिकविली, मुले नेमकी कोठे अडली आणि कोणता उपाय फसला, हे यावे. फसलेल्या उपायाची हकीकत लिहिण्यास माणूस कचरतो. आपल्या सेवापुस्तकावर त्याची सावली पडेल, अशी भीती त्याला वाटते. म्हणून केंद्रप्रमुखांनी प्रथम स्वतःचा फसलेला प्रयोग लिहावा; त्यानंतर इतरांचे हात मोकळे होतात. संपादनाचे काम समितीकडे न देता एका व्यक्तीकडे असावे व वर्षाने ते दुसऱ्याकडे जावे. आलेल्या प्रत्येक प्रश्नास पुढील अंकात उत्तर मिळावे, आणि उत्तर माहीत नसल्यास तसे छापून सभासदांनाच विचारावे. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत काम करणाऱ्यास सल्ला घेण्यासाठी शेजारचा वर्ग नसतो. त्याच्या दृष्टीने ही दोन पाने म्हणजेच शिक्षकांची खोली.

ग्रामपंचायत सदस्यांच्या बाबतीतही पद्धत बहुतांशी हीच राहील. केवळ विषय पाणीपट्टी, दिवाबत्ती, ग्रामसभेची उपस्थिती असे येतील. फरक एवढाच की सदस्यांची मुदत पाच वर्षांची असते. नवे सदस्य येतात तेव्हा जुन्यांचा अनुभव दप्तरातून त्यांच्या हाती येत नाही, कारण इतिवृत्तात ठराव असतो, ठरावामागील खटाटोप नसतो.

यासाठी अंकांची बांधणी करून ठेवणे आवश्यक आहे. शिक्षकाची बदली होते, संपादक निवृत्त होतो, परंतु बांधलेला खंड शाळेच्या कपाटात राहतो. अर्थात कपाट कोठे आहे हेही पाहावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या भिलवडी, ब्रह्मनाळ यांसारख्या गावांत पाणी शिरले. तेव्हा एक संच नदीकाठच्या केंद्रात असल्यास दुसरा पलूस किंवा कुंडलच्या बाजूस, उंचावरील एखाद्या शाळेत ठेवावा, आणि सभासदांची नावे व पत्ते असलेली यादी दोन्ही ठिकाणी असावी.