ज्या, जेब आणि साईन



दहावीच्या वर्गात त्रिकोणमितीचा तास चालू होता. एका मुलीने विचारले, "बाई, साईन म्हणजे सही का?" सारा वर्ग हसला आणि ती वरमून खाली बसली. पण मीसुद्धा विचारात पडले. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा 'ज्या' पाठ केली, पुढे 'साईन' पाठ केले. अर्थ मात्र कधी विचारला नाही. त्या मुलीने तो विचारला.

ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची दोन टोके जोडणारी रेषा ही ज्या. आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय' ग्रंथात अर्ध्या ज्येचे कोष्टक दिले. त्यात त्रिज्या ३४३८ धरली आहे आणि ३० अंशांची अर्धज्या १७१९ येते, म्हणजे बरोबर निम्मी. आपणही साईन ३० म्हणजे एक द्वितीयांश असेच लिहितो. काटकोन त्रिकोणाचा कर्ण ही त्रिज्या मानली, तर कोनासमोरची बाजू हीच ती अर्धज्या.

पुढे 'अर्धज्या'ची नुसती 'ज्या' किंवा 'जीवा' झाली. आठव्या शतकात भारतीय ज्योतिषग्रंथ बगदादला पोहोचले आणि अरबी पंडितांनी 'जीवा'चे 'जीब' केले. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे तीच अक्षरे पुढे 'जैब' अशी वाचली गेली. जैब म्हणजे वस्त्राची घडी, गळ्यापाशी असलेला उघडा भाग. हिंदीतली आपली 'जेब' याच शब्दावरून आली.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली. 'जैब'साठी तिथे घडी, पोकळी या अर्थाचा 'सायनस' शब्द योजला गेला. त्याचेच इंग्रजीत 'साईन' झाले. सर्दीत दुखते ते सायनसही मूळ याच शब्दाचे. कोसाईन म्हणजे कोटिकोनाचा साईन.

गणित बिनचूक राहिले, शब्दाचा अर्थ तेवढा वाटेत हरवला. दोरीची घडी झाली!

मुलांनो, न समजलेला शब्द पाठ करण्याआधी त्याचा अर्थ विचारा. पालकांनाही विनंती, की घरी मुलाने असा प्रश्न विचारला तर हसू नका. त्याच्याबरोबर शब्दकोश उघडा. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर धनुष्य काढायला सांगितले. या वेळी वर्गात कोणी हसले नाही.